साडेआठची थोरली

कटिंग मास्तर पहिल्यांदा कारखान्यात आले, त्या दिवशी त्यांनी एका बाईसाठी उभं राहून दुखवटा पाळला. ती बाई मेलेली नव्हती. खरं सांगायचं तर ती जन्मलेलीही नव्हती. यातली दुसरी गोष्ट मास्तरांना संध्याकाळपर्यंत कळली. पहिली गोष्ट मात्र तिच्या मरणाची बातमी देणाऱ्या मावशींनाच त्याच रात्री कळली, आणि कळल्यावर त्यांनी ती वर्षानुवर्षं कोणालाही कळू दिली नाही.

झालं असं. कारखाना डॉक्टरांचे कोट आणि नर्सचे गणवेश शिवणारा. एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना शिलाई मशीनं, टोकाला कापायचं भलंमोठं टेबल, आणि सगळीकडे पांढरं कापड, इतकं की नवख्या माणसाला आपण ढगात आलो की काय असं वाटावं. मास्तर (शाळेतले नव्हेत, कापड बेतून कापणाऱ्याला शिवणकामात मास्तरच म्हणतात) स्वतःची कात्री फडक्यात गुंडाळून, तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरून दारात उभे राहिले. डबा खायची सुट्टी होती. मशीनं बंद होती. आणि खोलीभर बायका रडत होत्या.

रडणं म्हणजे साधंसुधं नव्हे. एकीनं डोळे पुसायला हाताशी आलेला हृदयरोगतज्ज्ञाचा कोट घेतला होता. दुसरीनं त्याच कोटाच्या दुसऱ्या बाहीत नाक शिंकरलं. इस्त्रीवाला, जो आपल्या सासऱ्याच्या आजारपणातही शीळ घालत होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या दिवशी इस्त्री करताना कापडावर वेगळं पाणी शिंपडावं लागलं नाही, असं मास्तर पुढे शपथेवर सांगत. आणि या सगळ्या महापुराच्या मधोमध एका स्टुलावर एक ठेंगणी, गुबगुबीत बाई बसली होती. मांडीवर कोट, हातात सुई. कोटाकडे न बघता ती एकामागून एक काज करत होती, आणि खोल गेलेल्या आवाजात सांगत होती,

"...मग डॉक्टर बाहेर आले. त्यांनी चष्मा काढला. मान अशी हलवली. अशी. आणि म्हणाले, आता फार उशीर झालाय."

खोलीत हुंदक्यांचा नवा लोंढा आला. मास्तर सभ्य माणूस. त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि उभे राहिले. दोन मिनिटं उभं राहायचं असतं हे त्यांना माहीत होतं, पण कोणी 'बस' म्हणेना, म्हणून ते उभेच राहिले. पायाला मुंग्या आल्यावर त्यांनी शेजारच्या मशीनवरच्या मुलीला हळूच विचारलं,

"कोण होत्या?"

"थोरल्या जाऊबाई," ती नाक ओढत म्हणाली.

"या बाईंच्या?"

"छे हो! साडेआठच्या."

मास्तरांनी आदरानं मान हलवली. "रात्री साडेआठला गेल्या का?"

"गेल्या म्हणजे? रोज असायच्या साडेआठला."

"रोज?"

"शनिवार-रविवार सोडून," मुलगी म्हणाली आणि पुन्हा रडू लागली.

तर त्या काज-बटण करणाऱ्या बाई म्हणजे मावशी. त्यांना नाव असणारच, पगाराच्या पाकिटावर असायचं, पण पाकीटही त्यांना 'मावशी' अशीच हाक मारून दिलं जाई. आणि साडेआठची म्हणजे रात्री साडेआठला लागणारी टीव्हीवरची मालिका. त्या खोलीत मालिकांना त्यांच्या नावांनी कोणी ओळखतच नसे. सातची, साडेसातची, साडेआठची. सातच्या मालिकेतली सून फार सोशिक होती, साडेसातच्या मालिकेतला नवरा बावळट होता, आणि साडेआठचं घराणं असं होतं की त्यातलं एकही माणूस आपल्या शेजारी राहायला येऊ नये. म्हणूनच सगळ्यांचा जीव तिच्यात गुंतला होता.

आता प्रश्न असा की खोलीभर बायका असताना साडेआठची एकट्या मावशींनीच का पाहावी? त्याला कारण मावशींचे यजमान. ते रात्रपाळीचे वॉचमन. बरोबर आठला बॅटरी आणि डबा घेऊन निघत. पोरगा शेजारी खेळायला पळे. त्यानंतर घरात मावशी आणि टीव्ही, दोघंच. बाकीच्यांच्या घरी साडेआठला कोणाचा सासरा बातम्या लावून बसलेला, कोणाचा नवरा सामना बघतोय, आणि ती स्वतः चुलीशी. कोणी स्वयंपाकघराच्या दारातून मान वाकडी करून तुकडा-तुकडा पाहायची, पण तेवढ्यात भांडं उतू जायचं. शिवाय तेव्हा भाग एकदाच लागायचा. पाहिला तर पाहिला. गेला तो गेला, वाहत्या पाण्यासारखा, मागे वळून बघायची सोय नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मावशी तो सांगत. सांगत म्हणजे काय, लावतच! मालिकेत सुनेनं नुसतं 'हं' म्हटलं असेल, तर मावशींच्या तोंडी त्या 'हं'मध्ये तिचं माहेर, तिचं मोडलेलं पहिलं लग्न आणि सासूनं लपवलेल्या चाव्या, सगळं येई. अर्ध्या तासाच्या भागाला त्यांना पाऊण तास लागे. सुट्टी अर्ध्या तासाची. त्यामुळे गोष्ट अगदी कड्यावर आली की घंटा व्हायची आणि मावशी सुई वर धरून म्हणायच्या, "बाकीचं चहाला."

आणि मध्ये जाहिराती! मावशींना जाहिरातीशिवाय गोष्ट सांगताच येत नसे. सासूनं दाराला कान लावला, आतून आवाज आला, आणि मावशी एकदम साध्या आवाजात, "कोणाला जुना प्रेशर कुकर हवाय का? शिटी नवी टाकलीये." सगळ्या कासावीस. "मावशी, आवाज कोणाचा होता?" "थांबा गं, जाहिरात चाललीये. माझ्या भाच्यासाठी मुलगी बघताहेत, उंच नको." त्या जाहिरातींतून एक शिलाई मशीन विकलं गेलं, दोन खोल्या भाड्यानं गेल्या आणि भाच्याचं लग्नही झालं. मुलगी उंच निघाली, तो भाग वेगळा.

खोलीत मालकीणबाई आल्या तरी मशीनं थांबत नसत. मावशींनी तोंड उघडलं की थांबत. तेवढीच त्यांची मिळकत. काज कोणीही करतं.

तर थोरलीच्या मृत्यूचं असं झालं की आदल्या रात्री मावशींना डुलकी लागली. दिवसभर काजं करून मान अवघडलेली, पोट भरलेलं, समोर थोरली जाऊ दवाखान्याच्या खाटेवर. जाग आली तेव्हा पडद्यावर पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर चष्मा काढून मान हलवत होते आणि म्हणत होते, आता फार उशीर झालाय. त्यांनी टीव्ही बंद केला, कारण त्यांना पुढचं बघवेना. आणि दुसऱ्या दिवशी जे पाहिलं ते, थोडंसं वाढवून, खोलीला सांगितलं.

त्या रात्री साडेआठला थोरली जाऊ हातात चहाचा ट्रे घेऊन हसत दिवाणखान्यात आली.

मावशींचा घास हातातच राहिला. थोरली नुसती जिवंत नव्हती, गालांवर तजेला होता. 'थोडी चक्कर आली होती इतकंच,' असं ती धाकटीला म्हणत होती. तेवढ्यात जाहिरात लागली. तेच डॉक्टर. तोच चष्मा. तीच मान. आता फार उशीर झालाय. आणि मग डॉक्टर प्रसन्न हसले आणि त्यांनी दातांच्या पेस्टची ट्यूब पुढे केली.

मावशी टीव्हीकडे बघतच राहिल्या. खोलीभर बायका रडल्या होत्या. ओव्हरलॉकवाली, म्हणजे कापडाच्या कडा गुंफायच्या मशीनवरची ती नव्यानं लग्न झालेली मुलगी, जिनं मास्तरांना उत्तरं दिली होती, तिनं तर रात्री जेवणार नाही म्हणून सांगितलं होतं. एक परका माणूस टोपी काढून उभा राहिला होता. आता उद्या जाऊन म्हणायचं, ते दातांचं होतं?

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मावशी स्टुलावर बसल्या. सगळ्यांनी स्टुलं जवळ ओढली होती. मास्तरसुद्धा खडू कानावर अडकवून पुढे सरकले होते. "मिस्टरांना कळलं का?" त्यांनी काळजीनं विचारलं. थोरलीच्या नवऱ्याबद्दल.

मावशींनी दोरा ओवला. दोनदा चुकला. मग त्या म्हणाल्या,

"काल दारात कोण उभं असेल, सांगा."

"कोण?"

"थोरली."

ओव्हरलॉकवालीच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"म्हणजे अगदी हुबेहूब थोरली," मावशी म्हणाल्या. "पण थोरली नव्हे. तिची जुळी बहीण!"

खोलीतून जो आवाज उठला तो मालकीणबाईंना बाहेरच्या गेटपर्यंत ऐकू गेला. त्यांना वाटलं शॉर्टसर्किट झालं.

त्या दिवसापासून जगात दोन साडेआठच्या सुरू झाल्या. एक टीव्हीवर, एक कारखान्यात. टीव्हीवरची थोरली देवभोळी आणि भाबडी होती. मावशींची जुळी पोहोचलेली होती. ती बहिणीच्या मृत्यूचा सूड घ्यायला थोरलीच्या वेशात त्या घरात राहत होती. आता टीव्हीवर थोरलीनं नुसती खीर ढवळली तरी कारखान्यात सगळ्यांचा श्वास रोखलेला. कधी एखादी म्हणायची,

"मावशी, काल मी दारातून पाहिलं. थोरली होती की."

"जुळी गं ती."

"पण सगळे तिला थोरलीच म्हणत होते!"

"त्यांना कुठे माहीत आहे?" मावशी म्हणायच्या.

सगळ्यात पक्के श्रोते मास्तर. एकटा जीव, भाड्याची खोली, घरी टीव्ही नाही. आपण कधी साडेआठची पाहावी असं त्यांना वाटतही नसे; ती सुट्टीत होतेच की. त्यांना शंका फार. "जुळीनं सही थोरलीची केली, तर कागद कोर्टात टिकेल का?" मावशी ती शंका घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी मालिकेत वकील येई. पुढे मावशींनी जुळीचं त्या वकिलाशी लग्न लावून दिलं, तेव्हा मास्तरांनी सगळ्या खोलीला चहा पाजला होता. वरपक्षाकडून, असं म्हणाले होते.

मूळ मालिका संपली. दुसरी साडेआठची आली, तिसरी आली. मावशींचे केस पांढरे झाले, यजमान निवृत्त होऊन रात्री घरीच राहू लागले, पण आठ वाजले की सवयीनं उठत आणि दाराची कडी तपासून येत. साडेआठला गल्लीत प्रत्येक खिडकीतून तेच शीर्षकगीत ऐकू यायचं. मावशींना कधी दुकानातून परतायला उशीर झाला, तर त्या गल्लीतून चालता चालता अर्धा भाग ऐकत यायच्या. एका खिडकीत सासू बोलायला सुरुवात करायची आणि चौथ्या खिडकीत तिचं वाक्य संपायचं.

मग हळूहळू खिडक्या गप्प झाल्या.

मावशींच्या घरात हा बदल सुनेनं आणला. सून गुणी होती. ती नवा टीव्ही घेऊन आली, दरवाजाएवढा, आणि म्हणाली, "आई, आता केबल बंद करू या. सगळं यात आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा बघा."

"मला साडेआठला वाटतं," मावशी म्हणाल्या.

"तसं नाही हो आई. साडेआठलाच बघायची आता गरजच नाही. सकाळी बघा, दुपारी बघा."

"दुपारी मी कामावर असते."

"अहो, मग रात्री बघा!"

"किती वाजता?"

सुनेनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं छताकडे.

केबलवाला जुना डबा न्यायला आला तेव्हा मावशींनी त्याला चहा दिला. कितीतरी वादळी रात्री हा माणूस गच्चीवर चढून मावशींची साडेआठची परत आणून देत असे. "गल्लीतलं शेवटचं घर आमचंच का रे?" मावशींनी विचारलं.

"शेवटून दुसरं. शेवटचं माझं," तो म्हणाला. "आणि माझं पोरगंही मोबाइलवरच बघतं." वायर गुंडाळून तो गेला.

पहिल्या संध्याकाळी मावशी बरोबर साडेआठला नव्या टीव्हीसमोर बसल्या. टीव्ही काही करेना. तो त्यांची वाट बघत होता. सुनेनं एक मालिका लावून दिली. दोन भागांनंतर मावशींना नेहमीप्रमाणे डुलकी लागली. जाग आली तर चित्र थांबलेलं, आणि पडद्यावर प्रश्न: तुम्ही अजून बघत आहात का?

मावशींना फार लागलं ते. आधीचा टीव्ही त्या झोपल्या तरी बोलत राहायचा. कधी म्हणून चौकशी केली नाही.

पण खरा घाव कारखान्यात बसला. एका सोमवारी मावशींनी सुई वर धरली आणि सुरुवात केली, "तर शुक्रवारी ती त्याला म्हणाली..."

"मावशी, नका ना सांगू!" ओव्हरलॉकवाली दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडली. तिची मुलगी आता दहावीत होती. "मी अजून तिथपर्यंत आले नाही!"

मावशी थबकल्या. उभ्या जन्मात त्यांना कोणी 'सांगू नका' म्हटलं नव्हतं.

"बरं, तू कान झाक. मी बाकीच्यांना सांगते."

"मी तर पुढे गेलेय," बटणं लावायला नव्यानं लागलेली बटणवाली म्हणाली. "मला शेवट माहीत आहे. सांगू?"

"ए, सांगितलंस तर बघ!"

कोणी दहाव्या भागावर, कोणी शंभराव्या, कोणी तिसरंच काहीतरी बघणारी. एका खोलीत इतके वेगवेगळे साडेआठ वाजत होते की कोणाचंच घड्याळ कोणाशी जुळेना. महिन्याभरात सुट्टीत खोली शांत झाली. प्रत्येकीच्या हातात डबा, डब्याला टेकवलेला मोबाइल, कानात वायरी. मावशींना आपली सुई कापडातून आरपार जाताना ऐकू येऊ लागली. एकदा त्यांनी नुसतीच जाहिरात करून बघितली, "कोणाला खाट हवीये का?" कोणीच वर पाहिलं नाही. ती खाट अजून त्यांच्याकडेच आहे.

आणि मग ओव्हरलॉकवालीनं बातमी आणली. तीही मोठ्या प्रेमानं. "मावशी! आपली साडेआठची! जुनी, थोरलीवाली! ॲपवर आलीये, सगळीच्या सगळी. पहिल्यापासून!"

सुई बोटात गेली. पांढऱ्या कोटावर लाल ठिपका उमटला.

"जुनी कशाला बघतेस?" मावशी बोट चोखत म्हणाल्या. "पहिले भाग काही खास नव्हते. एकदम शेवटचे बघ."

"छे! तुम्ही सांगितलेलं सगळं एकदा डोळ्यांनी बघायचंय. थोरली जाते तो भाग तर मी रुमाल घेऊन बघणार आहे. त्या रात्री जेवले नव्हते मी, आठवतंय?"

मावशींना आठवत होतं. त्यांना त्या दिवसापासून जेवण जाईना. खोली आता त्यांचं ऐकत नव्हती ते एक वेळ ठीक. पण आजवर ऐकलेलं खोटं होतं हे कळलं, तर मागचंही जाणार. कोणीतरी म्हणणार, मग मावशींनी आयुष्यभर सांगितलं काय? घरी त्यांनी सुनेला आडून विचारलं,

"यातला एखादा भाग खराब होतो का गं?"

"नाही होत, आई."

"खराब करता येतो का?"

सुनेनं रिमोट खाली ठेवला. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

इकडे ओव्हरलॉकवाली बसमधून येता-जाता बघत होती आणि रोज सकाळी कुठपर्यंत आली ते सांगत होती. चाव्या हरवल्या. धाकटीचं लग्न झालं. थोरलीला चक्कर येऊ लागली. मावशी अर्ध्या झाल्या. शेवटी चहाच्या वेळी त्या कापायच्या टेबलापाशी गेल्या.

"मास्तर, तुम्हाला एक सांगायचंय."

मास्तर कापडाच्या थरांवर खडूनं कोटाची पाठ आखत होते. मावशींनी सगळं सांगितलं. डुलकी, डॉक्टर, चष्मा, ट्यूब. यावेळी त्यांनी काहीच वाढवलं नाही, त्यामुळे फार लवकर संपलं.

मास्तरांनी खडू कानावर ठेवला. "म्हणजे मी जो उभा राहिलो, तो..."

"दातांच्या पेस्टसाठी."

"हं," मास्तर म्हणाले. "आणि जुळी?"

"नव्हती."

"मुळीच नव्हती?"

"नाही."

"तिचं लग्न लावलं होतंत तुम्ही. मी चहा दिला होता."

"हो."

मास्तरांनी कात्री उचलली आणि ते कापू लागले. मावशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. एक माणूस गेला, असं त्यांना वाटलं. आता बाकीचे.

दोन दिवसांनी सुट्टीत ओव्हरलॉकवालीनं कानातली एक वायर काढली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, थोरली मेलीच नाही की!"

एकेक करून खोलीतल्या माना वर झाल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच सगळ्यांचं लक्ष मावशींकडे होतं. मावशींनी मांडीवरचा कोट घट्ट धरला.

"पुढचा भागही बघितला मी. चहा घेऊन आली. बहीणबिहीण कोणी नाही. हे कसं काय?"

"कापलाय," टेबलाकडून आवाज आला.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मास्तर डबा तसाच ठेवून उभे होते.

"फोनवर टाकताना काटछाट करतात," ते म्हणाले. "आयुष्यभर कापतोय मी, मला नका सांगू. तू बघताना सांधा दिसला नाही तुला? डॉक्टर बाहेर येतात, चष्मा काढतात, आणि मधलं कापड एकदम गायब?"

"पण मास्तर, त्यात डॉक्टर येतच नाहीत."

"बघ!" मास्तर टेबलावर हात आपटून म्हणाले. "अख्खा डॉक्टर कापलाय!"

मावशी वाट बघू लागल्या. आता हसतील, आता ओरडतील, आता कोणीतरी तो जुना चहा काढेल. ओव्हरलॉकवालीनं क्षणभर विचार केला.

"असेल," ती म्हणाली. "तशीही फार रटाळ आहे हो मावशी ती. तुम्ही सांगायचात तेव्हा बरी वाटायची. मी सोडून दिली. आता ती पोलिसांवाली लावलीये." आणि तिनं वायर परत कानात घातली.

बस. एवढंच. माना खाली गेल्या. मावशी कितीतरी वेळ कोट घट्ट धरून बसल्या होत्या. निदान भांडायला तरी हवं होतं, असं त्यांना वाटलं. खोटी म्हटलं असतं, लबाड म्हटलं असतं, तरी चाललं असतं. त्याला निदान सगळ्यांना एकाच जागी थांबावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कापायच्या टेबलाचा एक कोपरा मोकळा केला आणि मावशींचं स्टूल तिथे ओढून आणलं.

"काय हो?" मावशी म्हणाल्या.

"साडेआठची," मास्तर डबा उघडत म्हणाले. "पहिल्यापासून. मी थोरली मेल्यावर नोकरीला लागलो. त्याआधीचं मला काहीच माहीत नाही."

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांच्या कानात वायरी होत्या. मग त्यांनी सुई वर धरली आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. पहिल्याच दिवशी सासूच्या चाव्यांपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "खाट आहे हो एक. लाकडी." मास्तर म्हणाले, मला खाट आहे, पुढे सांगा. घंटा झाल्यावर मावशी म्हणाल्या, बाकीचं चहाला.

असे कित्येक दिवस गेले. एका दुपारी गोष्ट दवाखान्यापाशी आली. थोरली खाटेवर, बाहेर सगळं घराणं उभं. मावशींनी दोरा दातानं तोडला आणि मास्तरांकडे पाहिलं.

"हिचं काय करू?"

"खरं काय झालं होतं?"

"चहा घेऊन आली."

"मग येऊ द्या."

"आणि जुळी?"

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"तीही येऊ द्या," ते म्हणाले. "दोघीही असू देत. घर मोठं आहे."

मावशी हसल्या. त्या दिवशी त्यांनी एकाच ट्रेमधून दोघींना चहा आणायला लावला, आणि दिवाणखान्यात सासूची जी काही तारांबळ उडाली, ती ऐकताना मास्तर इतके हसले की बटणवालीनं कानातली वायर काढून विचारलं, काय झालं. मावशींनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिची वायर परत कानात गेली होती.

गोष्ट जुळीच्या लग्नापर्यंत पोचली नाही. त्याआधीच कारखान्यात काज करायचं मशीन आलं आणि मावशी घरी बसल्या. मास्तर सुट्टीत आता मोबाइलवर सामने बघतात. जुने, निकाल माहीत असलेले.